आधी ‘कशासाठी’, मग संगणक

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज माहितीशास्त्राच्या पदवीवर्गात शिकत आहेत. तेथे प्रोग्रॅम लिहिणे लवकर शिकवले जाते. तो कोणासाठी, कशासाठी, याचा विचार मात्र बहुधा मागे पडतो. त्या विचाराचे शास्त्र म्हणजे गोल मॉडेलिंग, आमच्या भाषेत ध्येय-आराखडा. टोरांटो विद्यापीठात एरिक यू यांनी १९९५ च्या प्रबंधात मांडलेली ‘आय-स्टार’ ही त्यातील एक प्रमुख पद्धती. तिच्यात आधी कर्ते मांडायचे, मग प्रत्येकाचे ध्येय, आणि कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे ते दाखवायचे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे परके वाटणार नाही.

हा विषय पहिल्याच वर्षी, आणि चिन्हांची घोकंपट्टी बाजूला ठेवून शिकवावा, असे आमचे मत आहे. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घ्या. नवखा विद्यार्थी ‘अर्ज भरणे’ हेच ध्येय समजेल. ते तर कार्य. ‘शिष्यवृत्ती वेळेत हाती आलेली असणे’ हे ध्येय. ‘कशासाठी?’ असे दोनदा विचारले की फरक फळ्यावरच उमगतो. मग कर्ते: विद्यार्थी, महाविद्यालयाचा लिपिक, समाजकल्याण खाते, बँक. आणि जातीच्या दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवणारा बाप? तो संगणकाला हात लावत नाही, म्हणून आकृतीतून सहज निसटतो. आमच्या मते या विषयाची खरी परीक्षा तेथेच आहे.

या पद्धतीत ‘सॉफ्टगोल’ नावाची एक कल्पना आहे: पुरे झाले की नाही, हे काट्यावर तोलता येत नाही असे ध्येय. २०१६ च्या ‘आय-स्टार २.०’ मध्ये तिची जागा ‘गुणवत्ता’ या संज्ञेने घेतली. अपमान न होता काम होणे, हे त्याच रकान्यातले. एकच उपाय एका ध्येयाला साधक, दुसऱ्याला बाधक ठरतो, हेही आकृतीत दाखवावे लागते. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने सुरक्षितता वाढते. पण घरातला एकुलता फोन बापासोबत ऊसतोडीला गेला असेल, तर मुलीचा अर्ज तेथेच अडतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना व्यवहाराचा अनुभव नसतो, असा आक्षेप कोणी घेईल. कचेरीच्या रांगेत आईबापांबरोबर वाढलेल्या आमच्या मुलांना तो लागू पडत नाही. या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी वसतिगृहात यावे, बारावीच्या मुलांपुढे कोरा तक्ता ठेवावा आणि हाच अर्ज मांडायला सांगावा. तक्ते आणि स्केचपेन आम्ही पुरवू.