बेचाळीस क्विंटलांचा फरक

धानाचे चुकारे बँकेत जमा झाले की गोंदिया जिल्ह्यात दोन मोठ्या खरेद्यांची बोलणी सुरू होतात. एक लग्नाच्या सोन्याची, दुसरी गाडीची. सोन्याचा त्या दिवशीचा भाव एकच असतो. गाडीचे तसे नाही. गाडीचे नाव ठरले, रंग ठरला, घरातल्या सगळ्यांचा होकार मिळाला, तरी शोरूममधला खरा प्रश्न शिल्लकच राहतो: बेस घ्यायचे, मधले घ्यायचे की टॉप? मारुतीच्या एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय या पायऱ्या सगळ्यांच्या तोंडात बसल्या आहेत. इतर कंपन्यांची नावे वेगळी, पायऱ्या त्याच. छोट्या गाड्यांत एका पायरीचे अंतर साधारण पन्नास हजारांपासून लाखभर रुपयांपर्यंत असते.

लाख रुपये हा आकडा शोरूमच्या थंडगार हवेत लहान वाटतो, म्हणून तो आपल्या मापाने मोजलेला बरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे एका लाखाला बेचाळीस क्विंटल धान. तोही निव्वळ नफा नव्हे; रोवणी, खत, फवारणी, कापणी आणि मळणीचा खर्च त्यातूनच जायचा आहे. हेच लाख रुपये कर्जात घातले, तर ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी हप्ता सुमारे १,६०९ रुपयांनी वाढतो आणि फिटेपर्यंत लाखाचे एक लाख पस्तीस हजार झालेले असतात. नोकरदाराला दरमहा सोळाशे रुपये जड जात नाहीत. ज्याचा पैसा वर्षातून एकदोनदाच हातात येतो, त्याला दर महिन्याचा हप्ता वेगळा दिसतो.

टॉप मॉडेलवाल्यांची बाजू मात्र हलकी समजू नये. आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतली जाते आणि दहा-बारा वर्षे वापरली जाते. दिवाळीनंतरच्या मंडईला, सोयरिकीला, बालाघाटच्या पाहुण्यांकडे जाताना ती घराची शोभा असते, आणि त्या हौसेला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. शिवाय दहा वर्षांवर वाटला तर लाखाचा फरक वर्षाला दहा हजारांचा होतो. मागचा वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर, सीट उंच करण्याची सोय या गोष्टी रोज वापरात येतात. घरातल्या सुनेला किंवा लेकीला गाडी चालवायची असेल आणि उंची बेताची असेल, तर उंच होणारी सीट ही चैन नाही. समोरचा रस्ता नीट दिसण्याचा तो प्रश्न आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला क्लच न दाबावा लागणे हेही तसेच, आणि ऑटोमॅटिक गिअर बहुधा मधल्या मॉडेलापासूनच मिळतो.

बेसवाल्यांचे म्हणणेही तितकेच पक्के आहे. इंजिन तेच, चेसिस तीच, गाडीची जमिनीपासूनची उंची बहुतेक वेळा तीच. गावाकडच्या पांदण रस्त्यावर किंवा पावसाळ्यात उखडलेल्या डांबरावर टॉप मॉडेलला वेगळा रस्ता मिळत नाही. उलट चकचकीत अलॉय चाक खड्ड्यात जोराने आदळले तर तडकू शकते. साधे लोखंडी चाक वाकले तर ठोकून सरळ करता येते. एलईडी दिव्याला धक्का लागला की पुष्कळदा अख्खा दिवाच बदलावा लागतो, साधा बल्ब मात्र देवरीत काय, सालेकशात काय, कुठेही मिळतो. गाडी विकतानाही हिशेब बेसच्या बाजूचा. विम्यासाठी धरली जाणारी किंमत ठरलेल्या टक्क्यांनी घटते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ती घट ५० टक्क्यांची असते. टक्का सगळ्या मॉडेलांना सारखा, म्हणजे जास्त मोजलेल्याचे रुपये जास्त बुडतात. जुन्या गाडीचा गिऱ्हाईक आधी साल बघतो आणि किती किलोमीटर चालली ते विचारतो. पडद्याचा आकार तो फार तर शेवटी विचारेल.

सेल्समन सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे दहा लाखांची रेषा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी कर लागतो, आणि तो नुसत्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर. समजा मधले मॉडेल ९.८० लाखांचे आहे आणि त्याच्या वरचे १०.१० लाखांचे. कागदावर फरक तीस हजारांचा. पण कर १,०७,८०० वरून १,२१,२०० होतो, म्हणजे आणखी १३,४०० गेले. दहा लाखांपुढच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, हाही द्यावा लागतो. तो १०,१०० रुपये झाला. विम्याचा वाढीव हप्ता न धरताही तीस हजारांचे साडेत्रेपन्न हजार झाले. टीसीएसची रक्कम परत मिळते हे खरे, पण प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणाऱ्याला. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ज्यांनी कधी विवरणपत्र भरलेच नाही, अशा शेतकऱ्यांना हे दहा हजार सोडवून घ्यायला आधी ते भरावे लागेल. मुलाला किंवा ओळखीच्या कर सल्लागाराला हे बुकिंगच्या आधीच विचारून ठेवावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा छोट्या गाड्या स्वस्त झाल्या. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, यांना आता १८ टक्के. बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. त्यामुळेच लांबीने छोट्या गाड्यांत बसणारी ब्रेझा १४६२ सीसीच्या इंजिनामुळे ४० टक्क्यांच्या घरात जाते. हा कर गाडीच्या लांबीवर आणि इंजिनावर ठरतो, बेस-टॉपवर नाही. वाचलेल्या पैशांतून एक पायरी वर चढण्याचा मोह होतो, आणि शोरूमवाल्यांनी तो ओळखला नसेल असे समजायचे कारण नाही.

वरचे मॉडेल घेण्यामागचे सगळ्यात वजनदार कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत सुरक्षितता हे होते. खालच्या मॉडेलात एअरबॅग नसायची, एबीएस नसायचे. जीव सांभाळायचा तर वरची पायरी चढा, असा तो उघड सौदा होता. सरकारने तो टप्प्याटप्प्याने मोडला. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. २०२१ संपताना चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग लागू झाली. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मुदत ऑक्टोबर २०२३ पर्यंत लांबली आणि अखेर, अशी सक्ती करणार नाही, असे आपल्या शेजारच्या नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच सांगून टाकले. सक्ती टळली, तरी स्पर्धेने काम केले. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या गाड्यांच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग जाहीर केल्या. मारुतीने २०२५ मध्ये वॅगन आर, आल्टो के१०, सेलेरिओ आणि ईकोला, आणि पुढे अर्टिगा-बलेनोलाही त्या बेसपासूनच दिल्या.

याचा अर्थ असा की २०१८ साली ज्या मामांनी किंवा काकांनी ‘बेस घेऊ नको’ असा सल्ला दिला, त्यांचा सल्ला तेव्हा बरोबर होता. आज तो गाडीगणिक तपासून घ्यावा लागेल. ज्या गाडीत सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आहेत, तिथे जिवाच्या भीतीने लाखभर जास्त मोजण्याचे कारण उरत नाही. ज्या गाडीत त्या वरच्या पायरीवरच मिळतात, तिथे मात्र बाकी सगळा हिशेब बाजूला ठेवून वर चढावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या धडक चाचण्या सुरू झाल्या आणि गाड्यांना त्यांचे तारे मिळू लागले आहेत. ते पाहताना तारे किती याच्याबरोबर ते कोणत्या व्हेरिएंटना लागू आहेत हेही वाचावे, जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांवर थांबू नये. आणि सीटबेल्ट तर सगळ्यांत आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते महागड्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा न लावता. आपल्याकडे मागे बसून पट्टा लावणाऱ्याला अजूनही हसतात.

आता जिल्ह्याच्या हवेकडे येऊ. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि अशा जिल्ह्यात कंपन्या छताला काचेची खिडकी करून तिचे वेगळे पैसे घेतात. सनरूफ मुलांना आवडते हे मान्य. पण उघडले तर ऊन, बंद ठेवले तर तापलेली काच, आणि त्यातून डोके बाहेर काढून उभी राहिलेली मुले हा वेगळाच घोर. माझ्या मते आपल्याकडच्या घरगुती गाडीत सगळ्यात वाया जाणारा पैसा हाच. त्याऐवजी मागच्या सीटला थंड हवेचे झोत आहेत का ते पाहावे. सात आसनी गाडीत तर हा प्रश्न पहिला विचारावा, कारण सगळ्यात खालच्या मॉडेलात ते पुष्कळदा नसतात, आणि भर उन्हात आजारी माणसाला घेऊन नागपूरच्या दवाखान्यापर्यंत दीडशे किलोमीटरहून जास्त जायचे असते तेव्हा त्यांची किंमत कळते. तापमान आकड्यात दाखवणारा ऑटोमॅटिक एसी मात्र गाडी जास्त थंड करत नाही; बटण फिरवण्याचे काम वाचवतो, इतकेच. काचांना काळी फिल्म चिकटवून ऊन अडवू म्हणाल, तर २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दंडाची पावती ठरलेली असते.

दिव्यांचे तेवढे माझे मत वरच्या मॉडेलाकडे झुकते. आपले बरेच रस्ते जंगलातून जातात. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये कारच्या धडकेने वाघ मेला. रानडुकरे आणि चितळे तर रोजची. नवेगावबांध, चिचगड, सालेकसा या बाजूंना रात्री नियमित जाणे-येणे असेल, तर चांगल्या प्रकाशाचे दिवे पैसे वसूल करतात. अर्थात त्या पट्ट्यात वेग चाळीसवर आणणे फुकट आहे.

बाकीच्या यादीला एकच कसोटी लावावी: हे नंतर बाजारात बसवून मिळते का? म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, मागचा कॅमेरा, सेंट्रल लॉक, व्हील कव्हर हे सगळे गोंदियाच्या बाजारात कमी पैशांत बसते. एअरबॅग, गिअरबॉक्स, उंच होणारी सीट, मागच्या रांगेचे एसी झोत हे कुणी बसवून देत नाही. पण बाहेर काम करून घेताना वायर कापली गेली, तर वॉरंटीवर पाणी पडू शकते. कंपनीच्या कप्लरला जोडूनच काम करा असे दुकानदाराला ठणकावून सांगावे, आणि महागडी वस्तू बसवली तर विमा कंपनीला कळवावे.

सगळ्यात अवघड निवड मात्र एकाच गाडीच्या दोन मॉडेलांतली नसते. छोट्या गाडीचे टॉप आणि मोठ्या गाडीचे बेस एकाच किमतीला येऊन उभे राहतात, तिथे माणूस अडतो. इथे माणसे मोजावीत. घरात आई-वडील, दोघे नवरा-बायको आणि दोन मुले असतील, तर पाच आसनी टॉपमध्ये कितीही सोयी असल्या तरी सहावा माणूस कुणाच्या तरी मांडीवर बसणार. त्याला एअरबॅगही नाही, पट्टाही नाही. अशा घराने मोठ्या गाडीचे खालचे मॉडेल घ्यावे, फक्त मागच्या हवेची सोय पाहून. चार माणसांचे घर असेल आणि मोठी गाडी केवळ लग्नसराईसाठी हवी असेल, तर त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी करणे कितीतरी स्वस्त पडते. सीएनजीचा विचार असेल तर डिकीत टाकी बसल्यावर तांदळाचे कट्टे कुठे ठेवणार, आणि रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे, हे दोन्ही आधी पाहून यावे.

तेव्हा माझा कौल असा: आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांनी बेसच्या वरचे पहिले मॉडेल घ्यावे. सहा एअरबॅग बेसलाच असतील आणि गाडी महिन्यातून चार-सहा वेळाच निघणार असेल, तर बेसही पुरे. टॉप मॉडेल त्यांनी घ्यावे ज्यांची गाडी आठवड्याला नागपूर किंवा रायपूर गाठते, किंवा ज्यांना ते कर्जाशिवाय परवडते आणि मनापासून आवडते. बुकिंगचे पैसे देण्याआधी लगतच्या दोन मॉडेलांची ऑन-रोड कोटेशने लेखी मागा. कर, विमा, टीसीएस आणि ॲक्सेसरीज वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. ‘बेस लवकर मिळणार नाही, टॉप उद्याच देतो’ असे उत्तर मिळाले, तर भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या शोरूमला एक फोन जरूर करा.