ईसीजी ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टर थांबायला का सांगतात?

अकोला : जठारपेठेत संध्याकाळी एखाद्या दवाखान्यासमोर उभे राहिले, की गुलाबी चौकटींचा कागद हातात घेतलेले कुणीतरी दिसतेच. तेल्हारा, पातूर, बाळापूरहून आलेले नातेवाईक तो उलटसुलट करून पाहतात, फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. वर इंग्रजीत ‘नॉर्मल’ छापलेले असले, की जीव भांड्यात पडतो आणि परतीच्या गाडीची चौकशी सुरू होते. घोळ होतो तो इथेच.

कागदावर काय असते?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेची बारीक लहर जाते. छातीवर, हातापायांवर लावलेले १० इलेक्ट्रोड ती टिपतात आणि यंत्र त्यावरून १२ आलेख काढते. त्यांना ‘लीड’ म्हणतात. एकच घर १२ बाजूंनी पाहावे, तसे. नेदरलँड्सचे विलेम आइंथोव्हेन यांना या तंत्रासाठी १९२४ चे नोबेल मिळाले. पी, क्यू, आर, एस, टी ही लहरींची नावेही त्यांनीच दिली.

कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे लहान चौकट ०.०४ सेकंदाची, मोठी ०.२ सेकंदाची. लागोपाठच्या दोन उंच टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजायचे आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचे. चार चौकटी असतील तर मिनिटाला ७५ ठोके. ठोके नियमित असतील तरच हे गणित जमते.

सुरुवातीची छोटी ‘पी’ लहर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, मधले उंच टोक खालच्या कप्प्यांचे आणि ‘टी’ म्हणजे पुढच्या ठोक्याची तयारी. झटक्याचा संशय असेल तेव्हा डॉक्टरांची नजर आधी जाते ती ‘एस’ आणि ‘टी’ यांच्या मधल्या तुकड्यावर. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली, की हा तुकडा बहुतेकदा मूळ रेषेच्या वर उचलला जातो. शेजारशेजारच्या किमान दोन लीडमध्ये तो दिसावा लागतो. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये दिसला तर हृदयाची खालची भिंत, व्ही १ ते व्ही ४ मध्ये दिसला तर पुढची. मात्र काही धडधाकट तरुणांमध्येही हा तुकडा थोडा वर असतो. त्यामुळे चौकटी मोजता आल्या म्हणून निदान करता येत नाही.

मग ‘नॉर्मल’ का फसवते?

नेहमीचा ईसीजी फक्त १० सेकंदांचा असतो. वाहिनी अर्धवट बंद असेल किंवा त्रास नुकताच सुरू झाला असेल, तर त्या १० सेकंदांत काहीच न दिसणे शक्य आहे. हृदयाच्या मागच्या बाजूचा झटका नेहमीच्या १२ लीडमधून निसटू शकतो. म्हणूनच छातीत दुखत असेल तर डॉक्टर थोड्या वेळाने दुसरा ईसीजी काढतात, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी करतात आणि गरज पडल्यास तीही काही तासांनी पुन्हा करतात. ‘बिल वाढवायला बसवून ठेवले’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. या बाबतीत ती बहुतेक वेळा चुकीची असते.

कागदावर छापलेला शेरा सॉफ्टवेअरचा असतो, डॉक्टरांचा नाही. उलट दिशेनेही तो चुकतो. रुग्ण थरथरत असला, दोन हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या किंवा घामाने इलेक्ट्रोड सुटला, तरी अहवाल ‘अ‍ॅबनॉर्मल’ येऊ शकतो. घरगुती विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीनेही रेषा केसाळ दिसते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, की घाम, मळमळ, अस्वस्थपणा यांचे खापर उन्हावर किंवा पित्तावर फोडले जाते. मधुमेही, वृद्ध आणि महिलांमध्ये झटका अनेकदा याच रूपात येतो, छातीत फारसे न दुखता. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी इथे कामाचा नाही. तो एकाच लीडचा असतो; अनियमित ठोके पकडतो, झटका नाही.

वेळ कुठे जातो?

रुग्ण दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा, असा संकेत आहे. झटका स्पष्ट दिसला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती, नाहीतर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. राज्याच्या ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पामागे हाच विचार आहे: ग्रामीण केंद्रात काढलेला ईसीजी ऑनलाइन तज्ज्ञांकडे जातो आणि निदान काही मिनिटांत परत येते. निदान पळते, रस्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून ते इंजेक्शन तालुक्यातच मिळते का, हा प्रश्न यंत्राइतकाच मोठा आहे.

जुना ईसीजी सोबत असेल, तर नवा बदल लगेच कळतो. पण तो बहुधा थर्मल कागदावर असतो. उन्हाने, प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवून तो पुसट होतो; गरम लॅमिनेशन केले तर काळा पडतो. त्याच दिवशी कागद सपाट ठेवून, सगळ्या १२ लीड, नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो काढावा आणि तो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही ठेवावा.