कुरकुरणारी पापणी

मोटारीचे डोळे मिटतात आणि उघडतात, हा प्रकार आपल्याकडे बहुतेकांनी सिनेमातच पाहिला असेल. दिवसा बॉनेटच्या पोटात दडलेले दिवे बटण दाबताच झाकणासकट वर येतात आणि काम संपले की पुन्हा बुडी मारतात. असली एक जुनी, दोन दारांची अमेरिकन गाडी न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या एका वाचकांनी हौसेने घेतली. त्यांचे पत्र आले आहे.

"डावा दिवा मुकाट्याने वर येतो. उजवाही येतो, पण वर आल्यावरही आत चार-पाच सेकंद गरगर चालूच राहते. डब्यात खडे घालून कुणी हलवावे तसा आवाज! गॅरेजवाले म्हणतात, मोटर गेली, अख्खी बदला. सौ. म्हणते, गाडीच बदला. मला तर कामावरून रोज अंधारातच परतावे लागते. काय करू?"

सौभाग्यवतींच्या सूचनेवर मत देण्याची आमची छाती नाही. गॅरेजवाल्यांचे मात्र इतक्यात ऐकू नये. अहो, मोटर गेली असती तर आवाज कुठून आला असता? ती बिचारी धडधाकट आहे, म्हणूनच गरगरते आहे.

आतली रचना अशी. मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असतात. त्याला वर्म म्हणतात. हा वर्म एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो आणि ते चाक दिव्याची दांडी उचलते. दिवा वर जाऊन अडसराला टेकला की मोटर अडते. अडलेली मोटर जास्त वीज ओढते, ती वाढ ओळखून नियंत्रक पेटी वीज तोडते. आता गोम अशी, की ते चाक प्लॅस्टिकचे. वर्षानुवर्षे अडसरापाशी जोर खाऊन त्याचे दात झिजतात. मग दिवा वर पोचला तरी वर्म झिजल्या दातांवरून घसरत राहतो. मोटर अडतच नाही, म्हणून वीजही लगेच तुटत नाही. काही गाड्यांत या चाकाच्या पोटात तीन लहान बुश असतात. त्यांचा वयोमानाने भुगा होतो आणि चाकाला खेळ येतो. (आवाज नुसता चीं-चीं असेल, तर मात्र बिजागरीच कोरडी आहे, तिला वंगण द्या आणि पुढचे वाचूही नका.)

दुरुस्ती घरी होण्याजोगी आहे. आधी बॅटरीची तार काढावी, कारण हे झाकण बोटांची गय करत नाही. मोटरवर हाताने फिरवायची गुंडी असते, तिने दिवा वर घ्यावा. मोटर सोडवून चाकाचे झाकण उघडावे; त्यापूर्वी कोणता भाग कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुने, घट्ट झालेले ग्रीस आणि दातांचा चुरा पुसून काढावा.

आणि आता गंमत पाहा! दिवा उघडायला चाकाचा पुरा फेरा लागतच नाही. त्यामुळे झिजतात ते एका बाजूचे दात. उरलेले कोरे करकरीत. चाक काढून, ते कोरे दात वर्मपुढे येतील असे फिरवून बसवले, बुश नवे घातले, प्लॅस्टिकला चालेल असे ग्रीस लावले, की पैशाचेही नवे चाक न घेता काम भागते.

पितळी चाकही विकत मिळते आणि पुष्कळ लोक तेच बसवतात. ते टिकते खरे. पण न्यू जर्सीत बर्फ पडते. झाकण गोठून बसले आणि बटण दाबले, तर पूर्वी प्लॅस्टिकचे दात मोडत, आता तो जोर वर्मवर नि मोटरवर जाईल. पितळी चाक घालणाऱ्याने आधी बर्फ झाडावे, मगच बटणाला हात लावावा.

1936 सालच्या कॉर्ड गाडीत ही भानगड नव्हती. प्रत्येक दिव्याला वेगळा हँडल. चालकाने तो हाताने फिरवायचा. पुढे मोटरी आल्या, आणि 2004 मध्ये कॉर्व्हेट व लोटस एस्प्री यांच्याबरोबर मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांतून हे मिटणारे दिवेच गेले. तेव्हा धडधाकट जुनी मोटर भंगारात देण्यापूर्वी दहादा विचार करावा.

पत्रलेखकांना एवढेच सांगणे, की उजव्याचे काम होताच डाव्याचेही झाकण उघडून पाहा. दोघांचे वय एकच आहे. आणि तोवर रात्री निघण्यापूर्वी दिवे घरीच वर करून ठेवा. उजवा आलाच नाही, तर ती गुंडी कुठे आहे ते उजेडात एकदा बघून घ्या. सौभाग्यवतींनाही दाखवून ठेवा.