कापूसकोंड्याशी वाद

अनोळखी माणसाशी वाद घालणे हा आपल्याकडचा जुना आणि फुकटचा छंद आहे. मुंबईहून पुण्याला येताना गाडीत बसायला जागा मिळाली, की कर्जतचा वडा हातात पडेपर्यंत शेजारच्याची नोकरी, गाव आणि मुलांची शिक्षणे कळलेली असत आणि घाट चढून होईपर्यंत देशाचे अर्थकारण दोघांनी मिळून निकालात काढलेले असे. शिवाजीनगरला उतरताना कोण बरोबर होते याचा निकाल लागलेला नसे, आणि तो लागावा अशी कोणाची इच्छाही नसे. समोरच्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याच्या पायातल्या चपला दिसत, डब्यातली भाजी दिसत असे. माणूस बोलण्याआधी थोडासा कळलेला असे.

तेहतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा मुलीने हातात मोबाइल ठेवला. पाहतो तो काय, गाडीचा तो डबा आता लाख माणसांचा झालेला. फक्त कोणाच्याच पायातल्या चपला दिसत नव्हत्या. विज्ञान, अर्थशास्त्र, राजकारण, सगळ्यावर सगळे बोलत होते. मीही बोलू लागलो. मास्तरची जात, समोर कोणी चुकीचे बोलताना दिसले की खडू शोधतो.

२०१७ चा जून महिना असावा. जनुकीय तंत्रज्ञानाला विरोध करणाऱ्या कोणाला तरी उत्तर देताना मी बीटी कापसाची बाजू मांडली होती. २००२ साली सरकारने या कापसाला परवानगी दिली. जमिनीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातले आहे. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते, ते खाऊन बोंडअळी मरते, माणसाला मात्र त्याचा त्रास होत नाही. हे सगळे लिहून शेवटी मी आकड्यांचा घण घातला. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी कापूस पिकला आणि २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठी. म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणखी काय पुरावा हवा?

दहा मिनिटांत उत्तर आले. पाठवणाऱ्याने नाव घेतले होते 'कापूसकोंड्या'. लहानपणी आजी ज्या गोष्टीने आपला पिच्छा पुरवत असे आणि जी कधीच संपत नसे, तो कापूसकोंड्या. त्याने लिहिले होते, 'गुरुजी, पऱ्हाटी पाह्यली का कधी? २००२ साली पाऊस किती पडला ते तुमच्या पुस्तकात लिवलं नाही वाटते. अन् एकर किती वाढले, तेही सांगा ना.'

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड, हे मला माहीत नव्हते. राग आला. 'गुरुजी' हा शब्द आदराने वापरला नसला की कानाला लगेच कळतो. तरीही त्या रात्री कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत मी गणित मांडले. २००२ हे खरोखरच भीषण दुष्काळाचे वर्ष; कोणत्याही पिकाची उडी त्या वर्षापासून मोजली तर उंचच दिसणार. त्या साली कपाशीखाली सुमारे ७७ लाख हेक्टर जमीन होती, २०१३-१४ मध्ये सुमारे १२० लाख. हेक्टरी रुई ३०२ किलोवरून ५६६ किलोवर गेली होती, म्हणजे दुपटीच्याही आत. शिवाय ती वाढ बहुतेक २००७-०८ पर्यंतच होऊन गेली होती. पुढे आकडा तिथेच घुटमळला आणि नंतर उतरला. माझा आकडा खोटा नव्हता. पण तो जे सिद्ध करतो असे मी म्हणालो, ते तो सिद्ध करत नव्हता.

हे मी त्याला कळवले का? नाही. चूक सापडल्यावर गप्प बसणे हा मोबाइलवरच्या वादातला सर्वांत सोपा डाव आहे, कारण तिथे कोणी आपला चेहरा पाहत नसतो. पुढे आठवडाभराने त्याने कुठेतरी लिहिले, की बीटीचे बी कंपन्यांनी मुद्दाम वांझ केलेले असते, ते पुन्हा पेरले तर उगवतच नाही. मी टपूनच बसलो होतो. वांझ बियाण्याचे तंत्रज्ञान आपल्या शेतात कधीच आलेले नाही, ही अफवा आहे, असे सांगून मी पुढे एक वाक्य जोडले: 'आपण थोडे वाचन वाढवावे.' शंभर-सव्वाशे लोकांनी त्या वाक्याला अंगठे दाखवले. त्यातले निम्मे तरी माझ्यासारखे, पऱ्हाटी न पाहिलेले असणार. दुसऱ्या बाजूच्या कोणी मला 'कंपनीचा दलाल' म्हटले. आयुष्यात कोणत्याही कंपनीने मला साधी डायरीही दिलेली नाही, त्यामुळे त्या शिवीची थोडी गंमतच वाटली.

कापूसकोंड्याने उत्तर दिले नाही. ऑगस्ट गेला. सप्टेंबरच्या अखेरीस यवतमाळच्या बातम्या येऊ लागल्या. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर त्या हंगामात गेले, शेकडो दवाखान्यात पडले. वर्तमानपत्र वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की त्या बोलणाऱ्या माणसाचे गाव मला ठाऊक नाही. जिल्हाही नाही. नाव तर नाहीच. बोलण्यावरून वऱ्हाडातला, एवढेच. ज्याच्याशी तीन महिने भांडलो, तो जिवंत आहे की नाही हे कोणाला विचारायचे हेही मला कळत नव्हते. गाडीतल्या शेजाऱ्याची अशी काळजी मला कधी वाटली नव्हती, कारण त्याला स्टेशनवर उतरताना पाहिलेले असे.

मी त्याला लिहिले. 'आपण बरे आहात ना?' दोन दिवसांनी पुन्हा लिहिले. अकरा दिवसांनी उत्तर आले. त्याच्या शेतावर फवारायला येणारा एक मजूर दवाखान्यात होता. डोळ्यांना दिसेनासे झाले होते, आता थोडे दिसत होते. हा त्याच्याजवळ बसून होता. 'यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, सर. नळी वर धरून फवारा लागते. वारा फिरला की सारं तोंडावर. अन् एवढं करून बोंडात अळी हायेच.' प्रथमच त्याने 'सर' म्हटले होते. मी आधी आकड्यांची चूक कबूल केली, मग वाचनाबद्दलच्या वाक्याची माफी मागितली. तो म्हणाला, 'वाचन कमी हाये ते खरंच हाये. पण बी उगवत नाही, हे मले दुकानदारानंच सांगितलं होतं.'

'मग पेरून पाहा की,' मी म्हणालो. 'घरचीच सरकी घ्या.'

२०१८ च्या मे महिन्यात त्याने फोटो पाठवला. तेलाचा पत्र्याचा डबा, त्यात माती, आणि दहांपैकी सात बिया उगवलेल्या. खाली एकच शब्द: 'हारलो.' मला वाटले विषय संपला. ऑक्टोबरात दुसरा फोटो आला. त्याने ती रोपे बांधावर लावली होती. एक झाड कमरेएवढे, दुसरे गुडघ्याएवढे, तिसरे नुसतेच पसरलेले. एकाची बोंडे टपोरी, दुसऱ्याची सुपारीएवढी. 'उगवते, पण एकासारखं एक नाही. असं वावर कोण ठेवीन? मंग माझ्यासाठी ते वांझच झालं ना?'

मेंडेलचे नियम मी तेहतीस वर्षे फळ्यावर वाटाण्याची चित्रे काढून शिकवले. संकराची पहिली पिढी एकसारखी, दुसऱ्या पिढीत गुण फुटून वेगळे होतात; परीक्षेत पाच मार्कांना हमखास येणारा प्रश्न. तो नियम दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी खिशातून पैसे काढतो, हे मला त्या फोटोपर्यंत सुचले नव्हते. जगात इतरत्र बीटी कापूस बहुतेक सरळ वाणांत आहे. आपल्याकडे तो संकरित बियाण्यातच आला, म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. अफवा चुकीची होती. अफवेच्या मुळाशी असलेली तक्रार चुकीची नव्हती.

पुढचा धडाही त्यानेच दिला. गुलाबी बोंडअळी या कापसाला का पुरून उरली, हे मी त्याला मोठ्या उत्साहाने समजावत होतो. लाखांत एखादी अळी जन्मतःच ते विष पचवणारी असते. बाकीच्या मरतात, ती उरते. तिचा पतंग जर साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगाशी जुळला, तर पिल्ले बहुधा पुन्हा मरणारीच निपजतात. म्हणून बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या किमान पाच ओळी लावायच्या असतात. पाकिटाबरोबर ते बी वेगळ्या पुडीत मिळायचे. ती पुडी लोकांनी पेरली नाही, हा शेतकऱ्यांचा अडाणीपणा, असे माझे मत होते.

'सर, माझं वावर साडेतीन एकर. त्यात अळीला खायला पाच ओळी पेरायच्या, अन् शेजाऱ्यानं नाही पेरल्या तर? पतंग बांध पाहून उडते का?' मी निरुत्तर झालो. एकट्याने नियम पाळून काही उपयोग नाही आणि सगळे पाळतील याची हमी नाही, अशा कोंडीवर अर्थशास्त्रात पुस्तकेच्या पुस्तके आहेत. त्याने ती एका ओळीत विचारली होती. त्याच वेळी त्याने डोमकळी दाखवली. अळी आत शिरली की कपाशीचे फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या अर्धवट कळीसारखी दिसते. असे फूल दिसले की तोडून अळीसकट नष्ट करायचे. कीटकशास्त्राचे प्रकरण शिकवणाऱ्या मला हा शब्द ठाऊक नव्हता.

एवढे झाल्यावर आमचे सगळ्याच बाबतींत जुळले असेल, असे कोणाला वाटेल. तसे काही नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तणनाशकाला दाद न देणारे, परवानगी नसलेले बियाणे जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला, तेव्हा आम्ही पुन्हा भांडलो. माझे म्हणणे, तपासणी न झालेले बी चोरून येते, त्यात काय आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि पर्यावरणाचा कायदा काही शोभेसाठी केलेला नाही. त्याचे म्हणणे, निंदायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. तुमची तपासणी वर्षानुवर्षे संपत नाही आणि तोवर माझे वावर तणाने भरते. डब्यात पेरून याचा निकाल लागत नाही. कोणती जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न सरकीच्या पोटात नसतो. ते राजकारण आहे, आणि त्यात त्याला त्याच्या वावरातून दिसते ते मला माझ्या गॅलरीतून दिसणार नाही, हे मी मान्य केले. पण मत बदलले नाही. त्यानेही बदललेले नाही.

पंडितांचेही एकमत नव्हतेच. मी त्याला २०१२ चा जर्मन विद्यापीठातला अभ्यास दाखवला; बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढल्याचा त्यात निष्कर्ष होता. त्याच्या पुतण्याने २०२० चा निबंध शोधून काढला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्याबरोबर लिहिलेला. त्यांच्या मते वाढीचे श्रेय मुख्यतः खते, सिंचन आणि नव्या कीटकनाशकांचे होते, आणि शेतकरी आता फवारणीवर बीटीच्या आधीपेक्षाही जास्त खर्च करत होते. आम्ही दोघे आपापला पंडित घेऊन आठवडाभर बसलो. शेवटी लक्षात आले, की माझ्या अभ्यासातली माहिती २००८ पर्यंतची होती. गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात थैमान घातले २०१७ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत अळी बदलली होती. मी मात्र त्याच आकड्यांना धरून बसलो होतो.

मोबाइलवरच्या वादांना लोक नावे ठेवतात, आणि शंभरातल्या नव्वदांना ती शोभतातही. मी स्वतः त्या नव्वदांत बराच काळ मोडत होतो. पण मला एक कबूल केले पाहिजे. माझ्या मित्रांपैकी, नातेवाइकांपैकी एकानेही मला कधी विचारले नव्हते, की हे तुम्हाला कसे कळले. ते माझा मान ठेवत. मान ठेवणारी माणसे फार महाग पडतात. त्या अनोळख्याला माझा मान ठेवायचे काहीच कारण नव्हते.

त्याचे खरे नाव मला अजून ठाऊक नाही. विचारावेसे वाटते, पण आता ते विचारणे विचित्र दिसेल. मजुराचे डोळे बरे झाले, एवढे त्याने न विचारता कळवले होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. मी त्याला लगेच लिहिले, की सूतगिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला तर कापड स्वस्त होईल, निर्यात टिकेल, हाही विचार करायला हवा. त्याने कापूस निघायच्या दिवसांतच ही सूट का, असा प्रश्न केला आणि पुढे लिहिले, 'तुमच्या पुण्यात शर्ट किती रुपयानं उतरला, ते पाहून सांगा, सर.'

एरवी मी तिथल्या तिथे दोन परिच्छेद लिहिले असते. दिवाळीच्या खरेदीला बाहेर पडलो तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरच्या तीन दुकानांत विचारले. दोघांनी भाव गेल्या वर्षीइतकाच सांगितला. तिसरा पन्नास रुपयांनी जास्त होता. कापसावरचे शुल्क उठल्याचे मी त्याला सांगितले, तर तो घडी घालता घालता म्हणाला, 'कसलं शुल्क, काका? हा पॉलिएस्टर आहे.'