रुग्णाशी नाते काय?

रुग्णालयात दाखल करताना भरावयाच्या अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. पती, पत्नी, मुलगा, सून असे काहीतरी घाईघाईने लिहून आपण तो विसरूनही जातो. समलिंगी जोडप्यातील एक जण अत्यवस्थ झाला, की दुसऱ्याचे पाऊल मात्र नेमके याच रकान्यापाशी अडते.

अमेरिकेत या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले ते एका दुर्दैवी घटनेने. फेब्रुवारी २००७ मध्ये जॅनिस लँगबेन आणि लिसा पाँड या दोघी मुलांसह मायामीहून जहाजाच्या सफरीला निघाल्या होत्या. सुमारे अठरा वर्षांचा त्यांचा संसार. मेंदूतील रक्तस्रावाने लिसा कोसळल्या आणि त्यांना मायामीच्या जॅक्सन मेमोरियल रुग्णालयात नेण्यात आले. त्यांच्या वतीने वैद्यकीय निर्णय घेण्याचे मुखत्यारपत्र जॅनिस यांच्याकडे होते. ते फॅक्सने मागवून रुग्णालयाला देण्यातही आले. तरीही सुमारे आठ तास आपल्याला आणि मुलांना बाहेरच ठेवले गेले, असे जॅनिस यांनी नंतर दाव्यात मांडले. लिसा वाचल्या नाहीत. भेदभाव केल्याचा आरोप रुग्णालयाने नाकारला. सप्टेंबर २००९ मध्ये संघराज्य न्यायालयाने दावा फेटाळला, त्याचे कारण मुळातून पाहण्याजोगे आहे. भेटीला येणाऱ्यांना रुग्णापर्यंत जाऊ देण्याचे कायदेशीर बंधन रुग्णालयावर नाही, असा तो निष्कर्ष होता. थोडक्यात, रुग्णाला भेटणे हा हक्क नव्हताच. ती रुग्णालयाची मर्जी होती. विवाहित नातेवाइकांच्या बाबतीत ती मर्जी सहसा आड येत नाही, म्हणून तिची जाणीव होत नाही, इतकेच.

१५ एप्रिल २०१० रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी आरोग्य खात्याला निर्देश दिले. त्यातून आलेले नियम जानेवारी २०११ पासून लागू झाले. आपल्याला कोणी भेटावे हे रुग्णाने ठरवावे. जोडीदार, नातेवाईक वा मित्र, कोणीही चालेल. लैंगिक कल, लिंगओळख, वंश, धर्म यांवरून कोणाला अडवता येणार नाही. उपचारांच्या दृष्टीने आवश्यक असेल तेथे निर्बंध घालण्याची मुभा डॉक्टरांना राहिली, आणि ती राहायलाच हवी होती.

या निर्णयातील खरी मेख त्याच्या अंमलबजावणीत आहे. ओबामांनी विवाहाच्या वादाला हातच लावला नाही. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना हे नियम बंधनकारक केले. अमेरिकेतील बहुतेक रुग्णालये या पैशांवर अवलंबून असल्याने पळवाट उरली नाही. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर सुमारे साडेचार वर्षांनी, जून २०१५ मध्ये आला. शिवाय त्या निर्देशात अपत्यहीन विधवा-विधुरांचा आणि धार्मिक संघांतील संन्यस्तांचाही उल्लेख होता. रक्ताचे वा लग्नाचे माणूस जवळ नसलेला प्रत्येक रुग्ण त्यात आला.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि अशा जोडप्यांच्या अडचणींचा विचार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. अग्रिम वैद्यकीय निर्देश लिहून न ठेवलेल्या मरणासन्न रुग्णाबाबत डॉक्टरांनी सल्लामसलत करताना जोडीदाराला ‘कुटुंब’ मानावे का, हे समितीने तपासावे, असे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमतातील निकालपत्रात सुचवले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपण योजलेले उपाय जाहीर केले. शिधापत्रिका, संयुक्त बँक खाते, तुरुंगातील भेट हे विषय त्यात आले. आरोग्य खात्याने राज्यांना लिहिलेल्या पत्राच्या तपशिलात, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास मृतदेह ताब्यात घेण्याच्या तरतुदीचा उल्लेख आहे. अतिदक्षता विभागातील भेटीचा मात्र त्या जाहीर यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. कैद्याला भेटता यावे, मृतदेह मिळावा, आणि जिवंत रुग्णाच्या उशाशी बसण्याचा प्रश्न तसाच राहावा, हा क्रम विचित्र आहे.

यासाठी विवाहाचा कायदा बदलावा लागतो असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. मनाच्या आजारात जे चालते, ते हृदयविकारात का चालू नये? सरकारी आरोग्य योजनांचे पैसे आपल्याकडील खासगी रुग्णालयांनाही मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाचा समावेश करतानाच ‘रुग्ण सांगेल तो भेटेल’ ही अट घालणे राज्य सरकारला अवघड नाही. तिचा लाभ एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही होईल. मुले परदेशी असलेल्या पुण्या-मुंबईतील कितीतरी आजी-आजोबांसाठी धावणारे माणूस शेजारचेच असते.

शस्त्रक्रियेच्या संमतीचा प्रश्न याहून कठीण आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत लेखी संमतीसाठी पती वा पत्नी, अज्ञान रुग्णाचे आईवडील वा पालक, आणि स्वतः रुग्ण एवढ्यांचाच उल्लेख आहे. समलिंगी जोडीदाराला वैद्यकीय प्रतिनिधी मानावे, या मागणीच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकार आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला नोटिसा बजावल्या. त्या नियमात शब्द घालायचा तर तो आयोगानेच घालायचा आहे. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.