पाच गोलांचा धडा



तुमच्या शाळेचा संघ कधी मोठ्या फरकाने हरला आहे का? हरला असेल, तर सामना संपल्यावर काय झाले ते आठवून पाहा. कोणी म्हणाला असेल, "पंचांनी आपल्यावर अन्याय केला." कोणी म्हणाला असेल, "मैदान ओले होते, पाय घसरत होते." आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एका मुलाकडे बोट दाखवले असेल. बहुतेक वेळा तो बिचारा गोलरक्षक असतो. 'नाचता येईना, अंगण वाकडे' अशी एक म्हण मराठीत आहे. हरलेल्या संघाला अंगण नेहमीच वाकडे दिसते!

'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे', असे आपण लहानपणापासून ऐकतो. मला हे वाक्य अपुरे वाटते. नुसते हरल्याने कोणी शहाणा होत नाही. तसे असते, तर वारंवार हरणारे संघ सर्वांत शहाणे झाले असते. मोठा पराभव संघाला जागे करतो, हे खरे. पण जागे झाल्यावर उठायचे की कूस बदलून पुन्हा झोपायचे, हे संघालाच ठरवावे लागते. माझे म्हणणे पटवून देण्यासाठी मी तुम्हांला कलकत्त्याची एक खरी हकिकत सांगतो.

ज्या शहराला आज आपण कोलकाता म्हणतो, तेथे फुटबॉल हा नुसता खेळ नाही. तो लोकांचा जीव की प्राण आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग हे तेथील तीन नामवंत क्लब. मोहन बागानची स्थापना १८८९ साली झाली. १९११ साली या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज सैनिकांच्या संघाला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. साऱ्या देशाची मान त्या दिवशी उंचावली. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकून मोठा विक्रम केला.

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची चुरस तर विचारूच नका. त्यांचा सामना असला, की एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना बसतात. ईस्ट बंगाल जिंकले, तर त्यांच्या चाहत्यांच्या घरी हिलसा मासा शिजतो. मोहन बागान जिंकले, तर कोळंबी!

आता १९७५ साल डोळ्यांसमोर आणा. ईस्ट बंगालने त्या वर्षी सलग सहाव्यांदा लीग जिंकली आणि मोहमेडन स्पोर्टिंगचा जुना विक्रम मोडला. त्यानंतर ३० सप्टेंबर रोजी आय.एफ.ए. शील्डचा अंतिम सामना झाला. समोरासमोर उभे होते हेच दोन संघ. मोहन बागानच्या चाहत्यांना वाटत होते, की आज तरी पारडे फिरेल. पण झाले उलटेच. ईस्ट बंगालने एकामागून एक पाच गोल केले. त्यांतले दोन श्याम थापा या चपळ खेळाडूचे होते. मोहन बागानला एकही गोल करता आला नाही. पाच विरुद्ध शून्य! या दोन संघांच्या महत्त्वाच्या सामन्यात एवढा मोठा पराभव कोणीही पाहिला नव्हता.

संतापलेल्या चाहत्यांच्या भीतीने मोहन बागानचे काही खेळाडू त्या रात्री घरी गेले नाहीत. गंगेतील एका नावेत त्यांनी रात्र काढली, असे सांगतात. विचार करा मित्रांनो, त्या अंधारात, पाण्यावर डोलणाऱ्या नावेत त्यांना झोप कशी लागली असेल?

असा पराभव झाल्यावर क्लबपुढे दोन वाटा असतात. पहिली वाट सोपी. नशिबाला दोष द्यायचा, दोन-चार खेळाडूंवर खापर फोडायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच खेळायचे. दुसरी वाट अवघड. 'समोरचा संघ आपल्यापेक्षा चांगला का?' हा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि त्याचे उत्तर कडू असले, तरी ते गिळायचे.

मोहन बागानने दुसरी वाट धरली. ईस्ट बंगालच्या यशामागे त्यांचे प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा मोठा वाटा होता. लोक त्यांना प्रेमाने 'पी.के.' म्हणत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय संघाचे कर्णधार होते. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही ते होते. सामन्यापूर्वी ते खेळाडूंशी असे काही बोलत, की थकलेल्यांच्या अंगातही बळ येई. ज्या पी.कें.च्या संघाने आपल्याला पाच गोलांनी लोळवले, त्याच पी.कें.ना मोहन बागानने १९७६ साली आपले प्रशिक्षक म्हणून आणले.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याने आपल्याला हरवले, त्याच्याकडूनच शिकायचे, यासाठी मन मोठे असावे लागते. 'आम्हांला हे येत नाही, तुम्ही शिकवा,' असे म्हणताना अनेकांची जीभ अडखळते. वर्गात आपल्यापेक्षा जास्त गुण मिळवणाऱ्या मुलाकडे वही मागायलाही आपल्याला कमीपणा वाटतो. नाही का?

त्याच वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगमधून दोन भाऊ मोहन बागानमध्ये आले. मोहम्मद हबीब आणि मोहम्मद अकबर. दोघेही हैदराबादचे. हबीब अंगाने लहानखुरा. पण मैदानावर उतरला, की शेवटची शिट्टी होईपर्यंत हार न मानणारा. १९७६ च्या लीगमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल पुन्हा भिडले. सामना सुरू होऊन अवघे सतरा सेकंद झाले होते. प्रेक्षक अजून नीट बसलेही नव्हते. तोच अकबरने गोल केला! मोहन बागानने तो सामना १-० असा जिंकला आणि त्या वर्षीची लीगही जिंकली. ईस्ट बंगालची सहा वर्षांची सत्ता संपली.

येथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "यात काय मोठेसे? दुसऱ्यांची चांगली माणसे आणली आणि जिंकले!" शंका योग्य आहे. तिचे उत्तर १९७७ सालाने दिले. त्या वर्षी श्याम थापाही मोहन बागानमध्ये आला. हबीब, अकबर, श्याम थापा आणि शिकवायला पी.के.! कागदावर या संघाला तोड नव्हती. तरीही लीगमध्ये ईस्ट बंगालने त्यांना २-० असे हरवले आणि लीगही जिंकली. चांगली माणसे गोळा केली, की चांगला संघ आपोआप होत नाही, हे त्या दिवशी दिसले. उत्तम विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे.

या वेळी मोहन बागानने काय केले? प्रशिक्षक बदलला नाही. संघ मोडला नाही. तेच लोक पुन्हा सरावाला लागले. त्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ कलकत्त्याला आला. त्या संघात साक्षात पेले होता. ईडन गार्डन्सवर मोहन बागानने कॉसमॉसला २-२ असे बरोबरीत रोखले. मोहन बागानचे ते दोन गोल श्याम थापा आणि हबीब यांचे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला १-० असे हरवले. तो एकमेव गोल केला श्याम थापाने. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानवर दोन गोल केले होते! पुढे मुंबईचा रोव्हर्स चषक आणि दिल्लीचा ड्यूरँड चषकही मोहन बागानने जिंकला. एकाच वर्षात या तीनही स्पर्धा त्यांनी जिंकल्या.

पहिल्या पराभवानंतर त्यांनी बदल केला. दुसऱ्या पराभवानंतर धीर धरला. बदल केव्हा करावा आणि धीर केव्हा धरावा, हे ज्याला कळले, त्याला पराभवाने खरोखर काही शिकवले, असे मी समजतो.

आता या हकिकतीतील आणखी एका मुलाची आठवण ठेवू या. १९७५ च्या त्या सामन्यात मोहन बागानचा गोलरक्षक होता भास्कर गांगुली. त्याने वयाची विशीही गाठली नव्हती. चार गोल झाल्यावर त्याला मैदानाबाहेर बोलावून दुसऱ्याला उभे केले. हजारो लोकांसमोर मान खाली घालून बाहेर येताना त्याच्या मनावर काय ओझे असेल! त्याचा खेळ संपला, असे कोणालाही वाटले असते. पण १९७६ साली ईस्ट बंगालने त्याला आपल्या संघात घेतले. ज्यांनी त्याच्यावर गोल केले होते, त्यांनीच त्याच्या हाती आपले गोल सोपवले. भास्करने त्या विश्वासाचे चीज केले. तो देशातील नामवंत गोलरक्षक झाला. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार भास्कर गांगुलीच होता.

म्हणून मला वाटते, पराभवानंतर एखाद्याच्या माथी दोष मारणे हा केवळ अन्याय नाही, ते मोठे नुकसानही आहे. पाच गोल एकटा गोलरक्षक खात नाही. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी दहा जणांना चुकवून आलेला असतो. त्या एकाला हाकलून आपण उरलेल्या दहा जणांच्या चुका झाकून ठेवतो, आणि कदाचित उद्याचा कर्णधारही गमावतो.

मित्रांनो, हार सर्वांच्या वाट्याला येते. कधी मैदानावर येते, कधी परीक्षेच्या निकालात. पुढच्या वेळी तुमचा संघ हरला, तर वाकडे अंगण शोधू नका. जिंकलेल्या संघाच्या कर्णधाराशी हात मिळवा आणि ते सराव कसा करतात, हे त्याला मोकळेपणाने विचारा. पण त्याआधी आणखी एक काम करा. मैदानाच्या कडेला एकटाच बसलेल्या आपल्या गोलरक्षकाजवळ जा, त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि त्याला सांगा, "उद्या सरावाला ये. आपण सगळे येणार आहोत."