जिभेवरचा करंट आणि डोळ्यातलं यंत्र: धोका नेमका कुठे?

"डॉक्टर, करंट देऊन अंध माणसाला दिसतं म्हणे. पण शॉक लागून मेंदूला काही झालं तर?" दृष्टी गेलेल्या रुग्णांचे नातेवाईक असं विचारतात. भीती रास्त आहे. पण माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे.

'ब्रेनपोर्ट' हे उपकरण पाहा. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि जिभेवरच्या पट्टीतले सुमारे ४०० इलेक्ट्रोड ते सौम्य मुंग्यांच्या रूपात जिभेवर उमटवतात. लाळेमुळे जीभ ओली असते, त्यामुळे अगदी कमी विद्युतदाब पुरतो. एकाच दिशेने भार साचला तर पेशींना इजा होते, म्हणून तो साचू नये अशी रचना केलेली असते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिली. चाचणीत वर्षभराचं प्रशिक्षण पूर्ण केलेल्या ७४ जणांपैकी ६९ टक्के जणांना वस्तू ओळखण्याची परीक्षा जमली. काहींना जळजळ, टोचल्यासारखं वाटणं किंवा तोंडात धातूची चव जाणवली. उपकरणामुळे गंभीर त्रास कुणालाच झाला नाही. आणि नको वाटलं तर पट्टी तोंडातून काढली की झालं!

आता 'आर्गस-२' बघा. रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांसाठी २०१३ मध्ये मान्यता मिळालेलं हे यंत्र शस्त्रक्रियेने दृष्टिपटलावर बसवत असत. चाचणीतल्या ३० पैकी ११ जणांना गंभीर त्रास झाला. त्यात जखम उघडणं, दृष्टिपटल सुटणं, डोळ्याला सूज असे प्रकार होते. पुढे कंपनीने ते बनवणंच बंद केलं. ज्यांचं यंत्र बिघडलं, त्यांना दुरुस्ती मिळेना. डोळ्यात बंद यंत्र, आणि काढायचं तर पुन्हा शस्त्रक्रिया!

म्हणून "करंट किती?" एवढंच विचारून थांबू नका. हेही विचारा:

- हे उपकरण सहज काढता येतं का?
- बिघडलं तर दहा वर्षांनी दुरुस्ती कोण करणार?
- पुढे एमआरआय करावा लागला तर चालेल का?
- पेसमेकर किंवा फिट्सचा त्रास असेल तर चालेल का?

आणि एक लक्षात ठेवा: ही साधनं गेलेली नजर परत आणत नाहीत, ती पांढऱ्या काठीच्या सोबतीला असतात. "झटके देऊन दृष्टी परत" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी आपल्या नेत्रतज्ज्ञांना जरूर विचारा.